बाळाची दुपारची झोप अर्ध्या तासात का मोडते?

आजचा प्रश्न सूरजागडकडच्या एका आईचा आहे. लेकरू पाच महिन्यांचं. रात्री बरं झोपतं, पण दिवसा अर्धा तास झाला की टक्क जागं. "ताई, माझं एक काम धड होत नाही," असं ती म्हणते.

आधी हे सांगते की यात आजार काही नाही. लहान बाळाच्या झोपेची एक फेरी साधारण ४० ते ५० मिनिटांची असते. फेरी संपत आली की झोप विरळ होते. रात्री झोपेची ओढ जास्त असते, म्हणून बाळ पुढच्या फेरीत सरकतं. दिवसा ओढ कमी, त्यात उजेड, उकाडा, आवाज. मग ते उठून बसतं. बहुतेक बाळांची दुपारची झोप पाच-सहा महिन्यांनंतर हळूहळू लांबते. तोवर आपण काय करायचं, ते बघू.

पहिलं, वेळ. या वयाचं बाळ एका वेळी दोन तासांच्या आसपास जागं राहू शकतं. नजर एकीकडे लागली, डोळे चोळले, तोंड फिरवलं की झोपवायला घ्या. रडायला लागलं म्हणजे उशीर झाला.

दुसरं, जागा. आपल्याकडचा उन्हाळा मी सांगायला नको. पत्र्याखालची खोली दुपारी टाळा. अंगावर एक पातळ सुती कपडा पुरे. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर बाळाला उकडतंय. मच्छरदाणी दिवसाही लावा. गडचिरोलीत मलेरिया आहेच, आणि डेंग्यूचे डास दिवसाच चावतात.

तिसरं, आवाज. खनिजाचे ट्रक रस्त्यावरून जातात. ते बंद करणं आईच्या हातात नाही. पण सारख्या आवाजापेक्षा अचानक वाजलेला हॉर्न बाळाला जास्त दचकवतो. म्हणून रस्त्यापासून लांबच्या खोलीत निजवा. पंख्याची घरघर चालू असेल तर ती मदतच करते.

चौथं, झोळी. झोका देत झोपवलं आणि झोका थांबला, तर झोप विरळ होताच बाळ तो झोका शोधतं. म्हणून डोळे जड झाले की झोका मंद करत थांबवा. झोळीत हनुवटी छातीला टेकू देऊ नका, श्वास अडू शकतो. झोप लागली की सपाट जागेवर, पाठीवर, उशीशिवाय ठेवा. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्त्याला गेल्यावर झाडाला झोळी बांधावी लागते. तेव्हा कोणीतरी मोठं माणूस जवळ असू द्या.

पाचवं, बाळ चुळबुळलं की लगेच उचलू नका. छातीवर अलगद हात ठेवा, दोन मिनिटं थांबा. बरेचदा ते पुन्हा झोपतं. भूक लागली असेल तर पाजा. झोप लांबावी म्हणून गुटी, अफू, कसलंही औषध देऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध.

आता उलट बाजू, आणि ही नीट ऐका. नवजात बाळ खूप झोपतं म्हणून "गुणी" म्हणू नका. आधी नीट ओढणारं बाळ ओढेनासं झालं, सुस्त पडलं, रडणं क्षीण झालं, अंग गार लागलं, तर ती झोप नव्हे, धोका आहे. गडचिरोलीतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना ही लक्षणं ओळखायला शिकवलं. ३९ गावांतले बालमृत्यू कसे घटले, ते १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई घरी येतात, त्यामागे हेच काम आहे. असं काही दिसलं तर वाट बघू नका. आशाताईला बोलवा, दवाखाना गाठा.

शेवटचं घरच्यांसाठी. बाळाच्या उशाशी बसून छातीवर हात ठेवायला आईच लागते असं नाही. आजीचा हात चालतो, बापाचाही चालतो. आठवडाभर दुपारची एक झोप दुसऱ्या कोणी सांभाळून बघा, आणि काय झालं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात वरच्या आहाराबद्दल बोलू.