पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा

 

आज मी पिशवीच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहे. घरात पुरुष माणसं बसली असतील तरी रेडिओ बंद करू नका, आवाजही कमी करू नका. दवाखान्याचा निर्णय पुष्कळ घरांत तेच घेतात, पैसाही तेच उभा करतात. तेव्हा त्यांनी ऐकलेलं बरंच.

मी डॉक्टर नाही. मी बचत गटांचं काम बघते. मग हा विषय माझ्याकडे कुठून आला? तर कर्जाच्या वहीतून. प्रत्येक बैठकीत कोणी किती कर्ज घेतलं आणि कशासाठी, हे आपण लिहितो. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, पोरांची फी. आणि एक शब्द सगळ्याच गटांच्या वहीत असतो, 'दवाखाना'. त्या शब्दाच्या पोटात काय आहे हे बैठकीत कोणी सांगत नाही. बैठक संपली, सतरंजी गुंडाळायला घेतली, की बाई हळूच जवळ येते आणि म्हणते, "ताई, पिशवी काढायचीय." बाईचं वय पस्तीस, अडतीस. कधी कधी बत्तीससुद्धा.

आपल्या बीड जिल्ह्याला हे नवीन नाही. २०१९ साली हा विषय सगळ्या देशाच्या पेपरात आला. तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. हा आकडा मी बैठकीत सांगितला तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. बसल्या जागी बायकांनी आपापल्या भावकीतल्या मोजायला सुरुवात केली.

असं का होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. लग्न लवकर, पोरं लवकर. विशीच्या आत दोन बाळंतपणं, मग नसबंदी. फडावर पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अशात अंगावर जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, की बाईला वाटतं, ही कटकट एकदाची जाऊ दे. आणि दवाखान्यात तिला सांगितलं जातं, "दोन पोरं झाली ना? आता पिशवीचं काय काम? ठेवलीस तर कॅन्सर होईल." कॅन्सर म्हटल्यावर कोणती आई घाबरणार नाही? ती उचल घेते, नाही तर गटाकडे अर्ज करते.

आता नीट ऐका. पिशवी म्हणजे गर्भाशय. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. पाळीचं सगळं चक्र ही अंडाशयं चालवतात. शिवाय त्यांच्यातून जो रस रक्तात जातो, तो आपल्या हाडांना बळ देतो आणि हृदयालाही सांभाळतो. साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान हा रस आपोआप कमी होत जातो आणि पाळी जाते. शरीराला त्याची सवय व्हायला काही वर्षं मिळतात.

पुष्कळदा पिशवीबरोबर अंडाशयंही काढून टाकतात. तसं झालं की जे पंचेचाळीस-पन्नासला सावकाश व्हायचं, ते पस्तिशीत एका रात्रीत होतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, सांधे धरतात. पण खरा त्रास पुढे असतो. हाडं लवकर ठिसूळ होतात. साध्या पडण्याने मनगट मोडतं, मणका दबतो, उतारवयात खुबा मोडतो. हृदयाचे आजार व्हायचा धोकाही वाढतो. अंडाशयं ठेवली आणि नुसती पिशवी काढली, तरी काही जणींची अंडाशयं वेळेआधी थकतात. म्हणून म्हणते, पस्तिशीतलं हे ऑपरेशन फक्त पाळीच्या चार दिवसांचं नाही. पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा त्यात हिशोब आहे. साठाव्या वर्षी तुम्ही स्वतःच्या पायाने देवळात जाल की कोणाच्या आधाराने, याचा थोडासा निर्णय त्या दिवशी होतो.

मग त्रास अंगावर काढायचा का? अजिबात नाही. त्रासावर उपचार करायचा. पण कोणत्या त्रासाला कोणता उपचार, ते बघू.

अंगावरून पांढरं जाणं. थोडं पांढरं जाणं हे शरीराचं रोजचं काम आहे. वास येत असेल, खाज असेल, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जात असेल, तर तो जंतुसंसर्ग असतो. त्याला औषध आहे. कधी नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाही तर आजार पुन्हा येतो. पांढरं जातं म्हणजे कॅन्सर झाला, असं नव्हे. कॅन्सरची शंका असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करतात. तीस वर्षांवरच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. तुमच्या जवळ ती कुठे आणि कोणत्या दिवशी होते, ते आशाताईला विचारा.

पाळीत जास्त रक्त जाणं. तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल, तर लगेच दाखवायचं. याच्यावरही आधी गोळ्या देऊन बघतात. हार्मोन असलेली तांबी असते, ती बसवल्यावर रक्त पुष्कळ कमी होतं. सोबत हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारापेक्षा कमी असेल तर रक्त कमी आहे असं समजा. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने घ्यायच्या, आणि चहाबरोबर घ्यायच्या नाहीत.

पिशवीत गाठ असणं. सोनोग्राफीत गाठ दिसली की बाई हादरते. या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. लहान असतील, त्रास नसेल, तर नुसतं लक्ष ठेवतात. पाळी गेल्यावर त्या सहसा आकसतात.

अंग बाहेर येणं. सुरुवातीला असेल तर व्यायामाने फरक पडतो. लघवी रोखताना जसं आवळतो तसं आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. फक्त लघवी करत असताना हा व्यायाम करू नका. डॉक्टर आतून एक रिंगही बसवून देतात.

आता दुसरी बाजूही सांगते. काही वेळा पिशवी काढावीच लागते. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, अंग पूर्ण बाहेर आलं असेल, औषधं नीट घेऊनही रक्त थांबत नसेल, तेव्हा हेच ऑपरेशन जीव वाचवतं. तेव्हा घाबरून मागे हटायचं नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. शक्यतो सरकारी दवाखान्यात दाखवा. तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

आणि दोन्हीकडे हे पाच प्रश्न विचारा. लिहून घ्या, नाही तर पोरीला लिहायला सांगा. पहिला, माझ्या आजाराचं नाव काय, ते कागदावर लिहून द्याल का? दुसरा, कोणत्या तपासण्यांवरून हे ठरवलं? तिसरा, आधी औषध देऊन बघता येईल का, आणि किती महिने? चौथा, नुसती पिशवी काढणार की अंडाशयंही, आणि अंडाशयं काढणार असाल तर का? पाचवा, काढलेली पिशवी तपासायला पाठवणार ना, आणि त्याचा रिपोर्ट मला मिळणार ना? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर उत्तर देतो. जो रागावतो, त्याच्याकडे घाई करू नका.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. विनाकारण होणाऱ्या अशा ऑपरेशनांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. केंद्र सरकारने २०२२ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. तेव्हा "परवानगीचा कागद कुठे आहे?" हा प्रश्न विचारायला बिचकू नका.

आता गटाचं सांगते. आमच्या एका गटात ठराव झाला, की पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्ज हवं असेल तर दुसऱ्या डॉक्टरचा कागद दाखवायचा. त्यावर बैठकीत चांगलीच जुंपली. एक जण ताडकन म्हणाली, "माझ्या अंगाचं काय करायचं ते आता गट ठरवणार? सासू ठरवते, नवरा ठरवतो, त्यात तुमची भर!" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातल्या एक वयस्कर ताई बोलल्या. त्यांचं ऑपरेशन छत्तिसाव्या वर्षी झालं आहे. त्या म्हणाल्या, "मला तेव्हा कोणी विचारलं असतं, की बाई, दुसरीकडे दाखवलंस का, तर मी दाखवलं असतं. कोणी विचारलंच नाही."

शेवटी ठराव बदलला. कर्ज कोणाचंही अडवायचं नाही. आजार काय, हे बैठकीत विचारायचं नाही. कागद फक्त अध्यक्ष आणि सचिवांनी बघायचा. पण ऑपरेशनच्या कर्जाआधी पाचशे रुपये बिनव्याजी द्यायचे, एसटीचं भाडं आणि तपासणीसाठी, आणि सोबत गटातली एक जण जाईल. तीस हजारांच्या कर्जावर दोन रुपये शेकड्याने पहिल्याच महिन्याचं व्याज सहाशे होतं. त्यापेक्षा हे पाचशे स्वस्त पडतात. ठरावानंतर दोघी जाऊन आल्या. एकीला रक्तवाढीच्या आणि पाळीच्या गोळ्यांवर ठेवलंय, तिचा त्रास कमी आहे. दुसरीला सरकारी डॉक्टरांनीही ऑपरेशनच सांगितलं. तिने ते केलं, गटाने कर्ज दिलं, आणि आता ती बरी आहे. दोघींचंही बरोबरच झालं.

ज्यांची पिशवी आधीच काढली आहे, त्यांनी हे ऐकून मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. आधी दवाखान्याचं जुनं कार्ड शोधा आणि अंडाशयं काढली आहेत का, ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. काढली असतील आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर हार्मोनच्या गोळ्यांची गरज आहे का ते त्यांना विचारा. स्वतःच्या मनाने त्या घेऊ नका. वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासा. रोजच्या जेवणात नाचणी, तीळ, राजगिरा, शेवग्याची भाजी, जमेल तसं दूध-ताक ठेवा. सकाळच्या उन्हात हात-पाय उघडे राहतील असं बसा, रोज अर्धा तास सरळ चाला. घरातलं काम म्हणजे चालणं नव्हे. तंबाखू, मशेरी सोडा, ती हाडांनाही पोखरते. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर त्याची तपासणी करत राहा, स्तनांची तपासणी तर सगळ्यांनीच करायची. आणि नवीन ऑपरेशन झालेल्या बाईने निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. सासवांनो, हे तुमच्यासाठी. हंडा तेवढे दिवस दुसऱ्या कोणी उचलला तर घर मोडत नाही.

ज्यांची पाळी आपोआप गेली आहे, त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एक डाग जरी दिसला, तरी "पाळी परत आली" म्हणून गप्प बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

दसरा जवळ आलाय. टोळ्या निघायच्या तयारीत आहेत, उचलीचे पैसे हातात आलेत. "जाण्याआधी उरकून घेऊ" असं म्हणून याच दिवसांत ऑपरेशनं होतात. निघण्याआधीच्या तपासणीचा दिवस आशाताईकडून कळून घ्या, आणि त्या दिवशी शेजारणीलाही बरोबर घ्या. आणि कोणी तुमच्याजवळ येऊन म्हणालं, "पिशवी काढायचीय," तर तिला फक्त एक प्रश्न विचारा, "दुसरीकडे दाखवलंस का?"