‘इतर’ या रकान्यातील माणसे

आपल्या देशाच्या जनगणनेत माणसाने आपले गाव का सोडले, असा एक प्रश्न असतो. २०११ च्या जनगणनेत त्याची उत्तरे आधीच ठरवून दिलेली होती : काम किंवा नोकरी, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर झालेले स्थलांतर, कुटुंबाबरोबर झालेले स्थलांतर, आणि सर्वांत शेवटी ‘इतर’. सरकारी नोकरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला या ‘इतर’ शब्दाविषयी एक प्रकारचा जिव्हाळा वाटू लागतो. जे कोठेच बसत नाही ते तेथे बसवावे आणि कागद पुढे सरकवावा.

नोकरीच्या आरंभीच्या काळात एका औद्योगिक शहरातील कामगारवस्तीत अशाच एका पाहणीवर देखरेख करण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका खोलीत सहा जण राहत होते. त्यांतला एक पंचविशीचा तरुण होता. गावी वडिलांचे दुकान, चार एकर बागायत. गाव का सोडले, असे विचारताच तो थबकला. बाकीचे पाच जण तेथेच बसलेले होते. मग तो म्हणाला, “लिहा साहेब, नोकरी.” मी लिहिले. आम्ही जिना उतरू लागलो तेव्हा तो मागोमाग आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “साहेब, पोटापाण्याचं गावाकडेही होतं. तिथं राहता येत नव्हतं.” मी मान हलविली आणि पुढच्या खोलीकडे वळलो. त्याच्या थबकण्याचा अर्थ मला उमगला तो बऱ्याच वर्षांनी, आणि तोही मेक्सिकोतील एका शहरावर लिहिलेल्या पुस्तकातून.

पुस्तकाचे लेखक एक्तोर कारियो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचे अध्यापन केले आहे. मनुष्याचे कामजीवन, त्याचे स्थलांतर आणि त्याचे आरोग्य या तीन गोष्टी एकत्र ठेवून अभ्यासण्यात त्यांची विद्वत्ता खर्च झाली. ज्यांच्याविषयी हा अभ्यास आहे, त्यांना अमेरिकेत ‘लॅटिनो’ म्हणतात. म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडील देशांतून आलेली माणसे आणि त्यांची तेथे जन्मलेली मुलेबाळे. २०२० च्या अमेरिकन जनगणनेत त्यांची संख्या ६ कोटींहून अधिक भरली.

असा विषय घेऊन विद्यापीठात आयुष्य काढता येते, हे आपल्याकडील पुष्कळांना नवलाचे वाटेल. तेथेही ते सहज घडलेले नाही. १९८१ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसमधील पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली आणि पुढे ‘एड्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या रोगाची जगाला पहिली चाहूल लागली. आपल्याकडे १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी याच रोगाच्या विषाणूचा भारतातील पहिला शोध लावला. या रोगाने सरकारांना अशा प्रश्नांच्या दारात नेऊन उभे केले, जे विचारण्याची सरकारांना सवय नव्हती. माणसे कोणावर प्रेम करतात, कोठे करतात, कशी करतात, आणि त्या वेळी परस्परांशी काय बोलतात? हे कळल्यावाचून रोग आवरत नव्हता.

कारियो यांनी १९९० नंतरच्या दशकात ग्वादालाहारा या शहरात राहून आपले पहिले मोठे काम केले. ते ‘द नाइट इज यंग’ या नावाने २००२ साली प्रसिद्ध झाले. ग्वादालाहारा हे मेक्सिकोतील कर्मठ कॅथलिक वळणाचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील घरांतून त्यांना एक विशिष्ट प्रकारचे मौन आढळले. मुलगा लग्न करीत नाही, त्याचा एक ‘मित्र’ आहे, तो सणावाराला जेवायला येतो, आई त्याला आग्रहाने वाढते. परंतु त्या नात्याचे नाव कोणी उच्चारीत नाही. सर्वांना ठाऊक असते आणि कोणीच बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण स्पॅनिश भाषेत आहे की नाही याची मी चौकशी केलेली नाही, पण त्या घरांचा कारभार तिच्यावरच चालतो. बाहेरचा सुधारक या मौनाला दांभिकपणा म्हणून मोकळा होईल. कारियो तसे करीत नाहीत. त्या मौनामुळे मुलगा घरात राहू शकतो, आईला मुलगा उरतो, हे ते नीट पाहतात. पण ज्या गोष्टीला घरात नाव नाही, तिच्याविषयी दवाखान्यात बोलायला जीभ उचलत नाही, हेही त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

या पुस्तकातील दुसरा विचार माझ्यासारख्या परिपत्रके काढणाऱ्याला अधिक झोंबला. आरोग्य खात्यांची सारी शिकवण एका कल्पित मनुष्यासाठी लिहिलेली असते. तो मनुष्य प्रत्येक क्षणी हिशेब करतो, धोका तोलतो, आणि मग कृती करतो. ग्वादालाहाराच्या लोकांना प्रेमाच्या घटकेत हवी होती ती उत्कटता, स्वतःला विसरणे, शब्दावाचून कळणे. ‘आधी बोला, ठरवा, मग जवळ या’ हा उपदेश त्यांना कळत होता, पटतही होता. वेळ आली की निरुपयोगी ठरत होता. भित्तिपत्रक वाचणाऱ्याचे अज्ञान हेच नेहमी आमचे स्पष्टीकरण असते. जागृतीसाठी आणखी भित्तिपत्रके छापावीत, अशा टिपणीवर मीही सही केलेली आहे.

पुढे कारियो सरहद्द ओलांडून सॅन डिएगोस आले. मेक्सिकोच्या तिहुआना शहराला लागूनच हे अमेरिकन शहर आहे. मेक्सिकोतून तेथे आलेल्या समलिंगी पुरुषांच्या दीर्घ मुलाखती त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतल्या. त्यातून ‘पाथवेज ऑफ डिझायर’ हा ग्रंथ २०१७ साली प्रसिद्ध झाला. भाकरीसाठी माणूस देशांतर करतो हे अर्थशास्त्रज्ञांनी सांगितले होते. कुटुंबासाठी करतो, हेही मान्य होते. कित्येक माणसे आपल्या स्वभावाप्रमाणे प्रेम करता यावे म्हणून, किंवा ज्यांच्या नजरेखाली ते करता येत नाही त्यांच्यापासून दूर जाता यावे म्हणून निघतात, ही गोष्ट कोणत्याच तक्त्यात नव्हती. तिला कारियो ‘लैंगिक स्थलांतर’ म्हणतात. तेवढे एकच कारण असते असेही नाही. कर्ज असते, बहिणीचे शिक्षण असते, आणि त्याबरोबर हेही असते. विचारणाऱ्याला जे सांगणे सोपे, ते कारण पुढे केले जाते.

हे वाचताना मला तो जिना आठवला.

येथे एक मोह होतो, आणि कारियो त्याला बळी पडत नाहीत. मागासलेला मेक्सिको, पुढारलेली अमेरिका, आणि अंधारातून उजेडात येणारा तरुण अशी कथा रचणे फार सोपे आहे. अमेरिकन लोकांना ती आवडतेही. परंतु मुलाखत दिलेल्यांपैकी अनेक जण मेक्सिकोतील मोठ्या शहरांतून, तेथील मित्रमंडळांतून आलेले होते. मोकळेपणाचा पहिला धडा ते घरीच शिकले होते. कायद्यांच्या तारखाही या कथेला साथ देत नाहीत. मेक्सिको सिटीने समलिंगी विवाहाचा कायदा डिसेंबर २००९ मध्ये संमत केला. अमेरिकेत तो हक्क सर्व राज्यांत मिळण्यास जून २०१५ उजाडावे लागले. समलिंगी परदेशीयांना देशात येऊ न देण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यात १९९० पर्यंत होती, आणि एचआयव्हीबाधितांना प्रवेशबंदी करणारा नियम १९८७ पासून थेट २०१० च्या जानेवारीपर्यंत टिकला. ज्या देशात तपासणी करून घ्या असे सांगत होते, त्याच देशात त्या तपासणीचा निकाल परक्या माणसाला दाराबाहेर ठेवू शकत होता.

तेव्हा परमुलखात आलेल्याचे आरोग्य कशावर अवलंबून असते? ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्याला पैसा लागत नाही. कारियो परिस्थितीकडे बोट दाखवितात. जवळ कागदपत्रे आहेत का? डॉक्टरची भाषा येते का? ज्याच्याशी प्रेम जडले तो गोरा, नागरिक, घरमालक आहे. त्याला ‘नाही’ म्हणता येते का? कोणी वडीलधारा मित्र भेटला, त्याने दवाखाना दाखविला, तर तोच तरुण गावापेक्षा अधिक जपून वागतो. एकटा पडला तर नाही.

श्रोतेहो, हे सारे दूरच्या आणि थोड्यांच्या गोष्टीसारखे वाटत असेल, तर जेनिफर हर्श या विदुषीच्या कामाकडे वळू. कोलंबिया विद्यापीठाच्या या मानवशास्त्रज्ञ पश्चिम मेक्सिकोतील लहान गावांत आणि तेथून अमेरिकेतील अटलांटा शहरात गेलेल्या स्त्रियांत राहिल्या. त्यांचा ‘अ कोर्टशिप आफ्टर मॅरेज’ हा ग्रंथ २००३ चा. आईच्या पिढीत लग्नाचा आधार मानमर्यादा हा होता. लेकीच्या पिढीला हवा होता विश्वास, मैत्री, नवऱ्याशी मनमोकळे बोलणे. ही प्रगतीच झाली. पण वर्षभर परदेशी राहून परतलेल्या नवऱ्याला ‘काळजी घेऊ या’ असे सुचविणे म्हणजे तो विश्वासच नाही असे कबूल करणे. प्रेमविवाहाने दिलेले सुखच तिच्या आरोग्याच्या आड येते. आपल्या लग्नाची चांगली गोष्ट जपण्यासाठी ती गप्प राहते.

हे ऐकताना कोकणातील आणि घाटावरील किती घरे डोळ्यांसमोर येतात! गिरणगावात नवरा, गावी बायको, गणपती-शिमग्याला भेट. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले. आज खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेले आहेत. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात स्थलांतरित मजूर आणि ट्रकचालक यांना ‘सेतू’ असे पारिभाषिक नाव दिले गेले, कारण रोग त्यांच्यावरून पलीकडे जातो. संज्ञा शास्त्रीय आहे, तिचा उपयोगही झाला. पण सेतूला तहान लागत नाही, सेतू घरच्या पत्राची वाट पाहत नाही. अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकन मजुरांना करारावर बोलावले. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. करार बाहूंचाच होता.

असे प्रश्न विचारणाऱ्याला किंमत मोजावी लागते. २००३ च्या जुलैमध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहात कामजीवनविषयक काही संशोधनांचे मंजूर अनुदान काढून घेण्याची सूचना आली आणि ती केवळ दोन मतांनी फेटाळली गेली. त्याच वर्षी दीडशेहून अधिक संशोधकांची एक यादी फिरू लागली. त्यानंतर कित्येकांनी आपल्या अर्जांतून आणि शीर्षकांतून अडचणीचे शब्द गाळले. संशोधन तेच, फक्त नाव सोवळे! काहींनी विषयच सोडला. २०२५ मध्ये समलिंगी आणि इतर अल्पसंख्यांच्या आरोग्यावरील अनेक अनुदाने तेथील सरकारने रद्द केली. मराठी माणसाला हे अपरिचित नाही. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मृत्यू येईतो चालविले. अश्लीलतेचे खटले सोसले, आणि त्यांतील एकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

काही दिवसांपूर्वी एका नव्या पाहणीच्या नमुन्याचा मसुदा माझ्या टेबलावर आला. स्थलांतराच्या कारणांत आणखी एक रकाना घालावा, असे क्षणभर मनात आले. पण सहा जणांच्या खोलीत, उघड्या दारात, तो रकाना कोण भरील? कारियो यांच्या मुलाखतींना एकांत लागला, तास लागले आणि खोटी नावे लागली. आमच्या प्रगणकाला एका घरासाठी काही मिनिटेच मिळतात. रकाने होते तसेच ठेवले. प्रगणकांच्या सूचनांत मात्र एक ओळ वाढविली : ‘कारण आपण सुचवू नये, उत्तर देणारा थबकल्यास थांबावे.’ वरिष्ठांनी ती ओळ मान्य केली. फक्त ‘थांबावे’च्या आधी त्यांनी ‘वाजवी काळ’ हे शब्द घातले आहेत.