सर्वसाधारण कीं विशेषज्ञ? : लहान भाषा-मॉडेलांची निवड



घरांत एखादें यंत्र आणावयाचें म्हटलें म्हणजे आपण प्रथम विचारतों कीं, तें काय काय करतें. भाषा-मॉडेलाच्या बाबतींत या प्रश्नाच्या आधीं दुसरा एक प्रश्न विचारणें शहाणपणाचें ठरेल : तें चुकलें, तर ती चूक आपणांस दिसेल काय? आज ज्या निवडीविषयीं मी बोलणार आहें, तिचें बरेंचसें मर्म या प्रश्नांत आहे.

प्रश्नाचें उत्तर लिहून देणारीं भाषा-मॉडेलें आतां सर्वांच्या परिचयाचीं झालीं आहेत. त्यांतील प्रचंड मॉडेलें दूरच्या यंत्रागारांत चालतात आणि आपला मजकूर तेथें पाठवावा लागतो. परंतु लहान मॉडेलेंही निघालीं आहेत; तीं एकदां उतरवून घेतलीं कीं, आपल्याच संगणकावर, इंटरनेटवांचून चालतात. ज्या वकिलाच्या दप्तरांत पक्षकारांचीं गुपितें आहेत, किंवा ज्या डॉक्टरापाशीं रोग्यांच्या नोंदी आहेत, त्याच्या दृष्टीनें हा गुण सामान्य नव्हे. या लहान मॉडेलांत पुन्हां दोन प्रकार आहेत. एक सर्वसाधारण : पत्र लिहावें, उताऱ्याचा सारांश काढावा, शंका विचारावी, प्रसंगीं प्रोग्रॅमही लिहून घ्यावा. दुसरा प्रकार प्रोग्रॅम लिहिण्याच्या, म्हणजे कोडिंगच्या, कामासाठीं मुद्दाम तयार केलेला.

समजा, एका कुटुंबांत वडील वकिली करतात, मुलगी संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षांत आहे, आणि दोघांत मिळून एकच संगणक आहे. त्याची रॅम ८ जीबी. त्यांनीं कोणतें मॉडेल घ्यावें?

आधीं जागेचा हिशेब पाहूं. सात अब्जांच्या वर्गांतील मॉडेल म्हणजे सात-साडेसात अब्ज आंकड्यांचा संच; या आंकड्यांना पॅरामीटर म्हणतात. प्रत्येक आंकडा दोन बाइटांत ठेवला, तर सुमारें १५ जीबी रॅम लागते. तोच चार बिटांत आवळून बसविला, तर काम ४ ते ५ जीबींत भागतें. उत्तराची प्रत थोडी उतरते, पण सहसा सोसण्याइतकीच. तेव्हां आपल्या कुटुंबाच्या संगणकावर या आकाराचें एका वेळीं एकच मॉडेल चालेल, हें उघड आहे.

सर्वसाधारण मॉडेलाविषयीं कोणी म्हणेल, 'एक ना धड, भाराभर चिंध्या'. विशेषज्ञाला दुसरा कोणी कूपमंडूक म्हणेल. हे दोन्ही निकाल घाईचे आहेत, हें एका खऱ्या उदाहरणावरून दिसून येईल.

अलिबाबा या चिनी कंपनीनें सप्टेंबर २०२४ मध्यें 'क्वेन २.५' नांवाचें मॉडेलांचें कुटुंब प्रसिद्ध केलें, आणि त्याबरोबरच 'क्वेन २.५ कोडर' ही कोडिंगला वाहिलेली शाखाही. मूळ कुटुंबाचें शिक्षण १८ लाख कोटि टोकनांवर झालें होतें. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. कोडरचें शिक्षण कोऱ्या पाटीवर सुरू झालें नाहीं. शिकून तयार झालेल्या मूळ मॉडेलालाच पुढें आणखी साडेपांच लाख कोटि टोकनें शिकविण्यांत आलीं. या पुढच्या शिक्षणांत कोड किती असावा, याचे त्या संशोधकांनीं प्रयोग करून पाहिले : एकदां निव्वळ कोड; एकदां ८५ टक्के कोड; आणि एकदां ७० टक्के कोड, २० टक्के साधा मजकूर व १० टक्के गणित. यांत सरस ठरलें तें तिसरें मिश्रण! याचें कारण मला असें दिसतें कीं, प्रोग्रॅमची मागणी शेवटीं माणसाच्या भाषेंतच येते. 'थकबाकीदारांना वगळून यादी कर' या वाक्यांतला 'वगळून' ज्याला कळला नाहीं, त्याचा प्रोग्रॅम कितीहि सुबक असला तरी काय उपयोग?

आतां दोघांचे गुण पाहूं. 'ह्यूमनईव्हल' ही १६४ लहान प्रोग्रॅमिंग-प्रश्नांची परीक्षा ओपनएआय या संस्थेनें २०२१ सालीं प्रसिद्ध केली. तींत सात अब्जांच्या वर्गांतील, सूचना पाळण्यासाठीं तयार केलेल्या कोडरला ८८.४ टक्के गुण मिळाले. त्याच आकाराच्या सर्वसाधारण भावंडाला ८४.८. म्हणजे १६४ पैकीं एकाचे १४५ बरोबर, दुसऱ्याचे १३९. फरक सहा प्रश्नांचा! उलट, ५७ विषयांच्या 'एमएमएलयू' या सामान्य ज्ञानाच्या परीक्षेंत याच आकाराच्या मूळ मॉडेलांपैकीं सर्वसाधारणाला सुमारें ७४ टक्के व कोडरला सुमारें ६८ टक्के गुण आहेत. विशेषज्ञ झाल्यानें कांहीं मिळतें, कांहीं जातें. आणि या आंकड्यांत जाणाऱ्याचें माप मिळणाऱ्याहून अधिक भरतें.

परंतु एवढ्यावरून कोडर घेण्यांत अर्थ नाहीं असें ठरविणें चुकीचें होईल. त्या परीक्षेंतले प्रश्न आटोपशीर व सुटे असतात. प्रत्यक्ष कामांत प्रोग्रॅम अनेक फायलींत पसरलेला असतो. वरच्या ओळी लिहिलेल्या, खालच्याहि लिहिलेल्या, आणि मधली जागा भरावयाची असते. कोडरला ही 'मधली जागा भरण्याची' विद्या मुद्दाम शिकविलेली असते : पुढचा आणि मागचा मजकूर दाखवून मधला ओळखावयास लावणें, हाच त्याच्या अभ्यासाचा एक भाग. त्यामुळें लिहितां लिहितां पुढची ओळ सुचविण्याच्या कामीं कोडरच उपयोगी, आणि त्यासाठीं मोठ्या आकाराचीहि गरज नसते. दीड अब्जांचें कोडर सुमारें एका जीबींत बसतें आणि उत्तरही चटकन् देतें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. प्रोग्रॅमची एक मोठी सोय अशी कीं, तो चालवून पाहतां येतो. मुलीनें मॉडेलाकडून यादी लावण्याचा प्रोग्रॅम लिहून घेतला व तो चुकला, तर यंत्र तेथेंच अडेल किंवा यादी वेडीवांकडी लागेल. चालणारा प्रोग्रॅम बरोबरच असतो असें नव्हे. व्याजाच्या हिशेबांत २९ फेब्रुवारी विसरलेला प्रोग्रॅम तीन वर्षें निमूटपणें चालेल. तरीपण उत्तर ठाऊक असलेलीं चार उदाहरणें त्याच्यापुढें टाकून त्याची परीक्षा घेतां येते. वडिलांच्या नोटिशीचें तसें नाहीं. मॉडेलानें एखादा न झालेला निवाडा ऐटबाज भाषेंत उद्धृत केला, तर कागद कांहीं ओरडून सांगत नाहीं. २०२३ सालीं न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयांत अस्तित्वांतच नसलेल्या निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५००० डॉलर दंड झाला. ते दाखले चॅटजीपीटी या मोठ्या मॉडेलानें रचलेले होते. मोठ्याची ही गत, तर लहानाच्या स्मरणशक्तीवर विसंबणें किती धोक्याचें, हें सांगावयास नको. सर्वसाधारण मॉडेलाला आपण कागद द्यावा आणि त्या कागदाचा सारांश किंवा मसुदा मागावा. कायदा त्याच्या आठवणींतून मागूं नये, आणि सारांशहि मूळ कागदाशीं ताडून पाहावा.

मराठीचा प्रश्न निराळा आहे. देवनागरी मजकुराचे बहुधा इंग्रजीपेक्षां अधिक तुकडे पडतात. त्यामुळें उत्तर सावकाश येतें, व लहान मॉडेलाची मराठी पुष्कळदां अडखळते. गूगलनें मार्च २०२५ मध्यें काढलेल्या 'जेम्मा ३' कुटुंबांतील ४ अब्ज व त्यांवरील मॉडेलें १४० हून अधिक भाषांसाठीं आहेत असें सांगितलें आहे. त्याच कुटुंबांतलें १ अब्जाचें मॉडेल मात्र इंग्रजीपुरतेंच आहे. मराठी पत्रव्यवहार हें मुख्य काम असेल, तर सर्वसाधारण मॉडेलांतहि असा भेद पाहूनच घ्यावें. कोडरकडून मराठी पत्राची अपेक्षा करूं नये.

तर मग आपल्या कुटुंबानें काय करावें? एकच ठेवावयाचें असेल, तर सर्वसाधारण ठेवावें. कामें मिश्र आहेत, आणि सुट्या प्रश्नांत मुलीचें नुकसान थोडें आहे. मुलगी रोज तासन् तास प्रोग्रॅम लिहीत असेल आणि वडिलांचें काम क्वचित् असेल, तर हा निकाल फिरवावा. परंतु एक गोष्ट विसरूं नये : अडचण रॅमची आहे, डिस्कची नव्हे. प्रत्येक मॉडेलाची फाइल पांच जीबींच्या आंतबाहेर असते. दोन्ही डिस्कवर ठेवावीं. दिवसां पक्षकारांचे कागद असतां सर्वसाधारण उघडावें, रात्रीं अभ्यासाच्या वेळीं कोडर.

शेवटीं एक परीक्षा घरच्या घरीं घ्यावी. गेल्या महिन्यांत स्वतः केलेलीं वीस कामें निवडावीं, ज्यांचीं बरोबर उत्तरें आपणांस ठाऊक आहेत अशीं. दोन्ही मॉडेलांकडून तीं करवून घ्यावीं, नांवें झांकून उत्तरें वाचावीं, आणि दुरुस्तीवांचून वापरतां येतील अशीं किती निघतात तें मोजावें. कंपन्यांचे गुण हे त्यांनीं निवडलेल्या प्रश्नपत्रिकांचे गुण होत. आपल्या घरचा पेपर आपणच काढला पाहिजे.

आज नांव घेतलेल्या मॉडेलांमागून नवीं येतच राहतील. काम कोणतें, रॅम किती, आणि चूक पकडणार कोण, हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक वेळीं विचारावे लागतील. त्यांतील तिसऱ्याचें उत्तर 'कोणी नाहीं' असें येत असेल, तर तें काम दोहोंपैकीं कोणत्याच मॉडेलावर सोंपवूं नये. कारण नोटिशीखालीं सही वडिलांची असते, आणि परीक्षेच्या खोलींत मुलगी एकटीच बसते.