दुखतं कुठे, ते बोट ठेवून सांगा

रिठदहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आज बोलायचं आहे बाळंतपणानंतर खुबा दुखतो त्याबद्दल. पण सुरुवात गटाच्या वहीपासून करावी लागेल, कारण या गोष्टीत आमची चूक आहे आणि ती वहीत लिहिलेली आहे.

आमच्या गटातली एक सून बाळंत झाली. तिनेच सांगितलं, की गोष्ट सांगा, फक्त नाव घेऊ नका. सव्वा महिना झाला की ती बैठकीला येईल असं आम्ही धरून चाललो होतो. ती आली नाही. पुढच्या दोन बैठकांनाही नाही. बचत पुतण्याच्या हाती पाठवायची. नियमाप्रमाणे आम्ही गैरहजेरीचा दंड लावला, एका बैठकीचे 10 रुपये, तिन्हीचे 30. सोयाबीनची सोंगणी चालू होती, कोणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिच्या घरी जाऊन विचारलं कोणीच नाही. दशसूत्री मात्र आम्ही बैठकीत तोंडपाठ म्हणतो, आणि तिच्यात आरोग्याची काळजीही आहे. पैशाची पाच सूत्रं आधी येतात, तिथपर्यंत आमचा आवाज खणखणीत असतो.

सहीसाठी आमच्यातली एक तिच्या घरी गेली, तेव्हा ती बाजेवरून उठत होती. हाताने मांडी उचलून पाय खाली सोडला, मग भिंत धरली. डावा पाय ओढत चालत होती. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणात हाडं खिळखिळी होतेतच माय. आम्ही काय वावरात गेलो नाही?" त्यांचं अर्धं खरंच होतं. मालीश करणारी बाई रोज तो पाय ओढून मोकळा करत होती, शेक चालू होता, डिंकाचे लाडू चालू होते. घरच्यांनी हयगय केली असं आम्ही म्हणणार नाही. सासऱ्यांनी तिला दोनदा दवाखान्यातही नेलं होतं. दोन्ही वेळा तिने "कंबर दुखते" सांगितलं आणि दोन्ही वेळा कमरेचं मलम आणि गोळ्या घेऊन ती परत आली.

सासूबाई बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "कंबर नाही वं बाई, जांघेत दुखते. पाय टेकला की चमक निघते. पण मामंजींच्या समोर त्या जागेचं नाव कसं घेऊ?"

पुढच्या बैठकीत आजारपणाला कर्ज द्यावं की नाही यावर बरीच बोलाचाली झाली. परतफेड कोण करणार, नवरा तर पुण्याला कामाला. शेवटी 3000 रुपये दिले आणि आमच्यातल्या दोघी तिच्यासोबत वाशिमला गेल्या. तिथे डॉक्टरांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, की दुखतं कुठे, एका बोटाने दाखव. तिने जांघेवर बोट ठेवलं. मग त्यांनी तिला आडवं करून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला, एक्स-रे काढला आणि एमआरआयसाठी अकोल्याला पाठवलं. खुब्याचं हाड तात्पुरतं ठिसूळ झालं होतं. गरोदरपणाच्या शेवटी किंवा बाळंतपणानंतर क्वचित असं होतं. त्या पायावर वजन टाकत राहिली असती तर हाड मोडू शकलं असतं. कुबड्या, औषधं, आणि पाय ओढणारी मालीश बंद.

आता हे ऐकून कोणी घाबरू नका. बहुतेकींना असलं काही नसतं. गरोदरपणात शरीर कंबरेखालच्या सांध्यांचे बंध सैल करतं, बाळाला वाट मिळावी म्हणून. ते बंध लगेच आवळत नाहीत. मग ढुंगणाच्या वरच्या बाजूला किंवा पुढे ओटीपोटाच्या खाली, दोन हाडं जुळतात तिथे दुखतं. कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जोडून वळायचं, परकर उभ्याने एका पायावर न घालता बसून घालायचा, भरलेली कळशी आणि बाळ एकाच कडेवर घ्यायचं नाही. एवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो. फिजिओथेरपीचे व्यायाम शिकून घ्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, पण दोन्ही एकदम नाही, मध्ये वेळ जाऊ द्यायचा. आमच्या किती घरांत त्या गोळ्या फळीवर तशाच पडून आहेत, ते आम्ही पाहिलं आहे.

मात्र पाय टेकवतच नसेल, जांघेत चमक निघत असेल, दुखणं रोज वाढत असेल, तर वाट पाहू नका. ताप आला, अंगावरून घाण वास येणारं जायला लागलं, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. 108 ला फोन करा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. बाळाचं वजन दाखवून झालं की आपलं दुखणंही त्यांना सांगा. नंतर त्या तिसऱ्या महिन्यात बाळासाठी पुन्हा येतात, तेव्हाही सांगता येतं. डॉक्टरकडे जाताना सोबत एखादी बाई असू द्या. शब्द तोंडातून निघत नसेल तर नुसतं बोट ठेवा. आणि अंगावर पाजता म्हणून एक्स-रेला नाही म्हणू नका, त्याने दुधाला काही होत नाही. गोळ्या लिहून घेताना मात्र पाजते आहे हे सांगायचं.

आमची ती मैत्रीण तीन महिने कुबड्यांवर होती. आता चालते. पहिल्या दोन महिन्यांत बैठक तिच्याच ओट्यावर भरवली, तिला खुर्ची आणि बाकीच्या सतरंजीवर. सासूबाईही येऊन बसायच्या. बाळंतिणीला सहा महिने दंड नाही आणि एक बैठक चुकली की दोघींनी घरी जायचं, असा ठराव लिहिला आहे. तिचे 30 रुपये परत केले. कोणत्या खात्यातून केले, ते कसं लिहायचं यावर लेखापालबाई अजून अडून बसल्या आहेत.