आपली वही अर्थसंकल्पापर्यंत पोचवूया

हातातलं काम चालूच ठेवा. पापड लाटत असाल तर लाटत राहा, फक्त कान इकडे द्या. आज आम्ही तुमच्याकडे एक काम मागायला आलो आहोत.

स्टार्टअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईची संगणकवाली मुलं येतात. पण शेवयांचं मशीन घेऊन पहिल्याच हंगामात आजूबाजूच्या गावांत माल पोचवणारी आपली ताई कोण? आधी काही नव्हतं, तिथे तिने धंदा उभा केला. म्हणजे तीही संस्थापकच की.

२०२४ साली राज्य सरकारने पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आणली. महिलांच्या स्टार्टअपला १ लाखापासून २५ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य. योजना चांगली आहे. पण त्यात अट अशी, की धंदा किमान एक वर्ष चाललेला हवा, वर्षाची उलाढाल १० लाख ते १ कोटी हवी आणि केंद्राकडून स्टार्टअप म्हणून मान्यता मिळालेली हवी. १० लाख म्हणजे महिन्याला ८३ हजारांच्या वर विक्री. आमच्या प्रभागसंघात आम्ही वह्या काढून बसलो, तर इतकी विक्री एकीचीही निघाली नाही. चालायला लागलेल्या लेकराला हात मिळाला, रांगणाऱ्याचं काय?

तुम्ही म्हणाल, ताई, कर्ज मिळतंच की. मिळतं. बँक देते, ग्रामसंघ देतो. पण नुसत्या कर्जाने काय होतं ते ऐका.

आमच्यातल्या एका ताईने कर्ज काढून मसाल्याची कांडप गिरणी घेतली. मसाला असा, की वासानेच गिऱ्हाईक थांबावं. पण तालुक्याच्या दुकानदाराने पाकीट हातात घेतलं आणि परत दिलं. त्यावर अन्न नोंदणीचा नंबर नाही, वजन नाही, तारीख नाही. छोट्या धंद्याच्या या नोंदणीची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. ताईला हे सांगणारं कोणी नव्हतं. एका एजंटाने तिच्याकडून अडीच हजार घेतले. तोवर लग्नसराई निघून गेली, हप्ते मात्र थांबले नाहीत. दोन हप्ते तिने मजुरीच्या पैशातून भरले. हे सांगताना ती रडली नाही, पण आम्ही सगळ्या गप्प झालो.

दुसरी बाजूही सांगतो. केंद्राचा स्टार्टअप व्हिलेज कार्यक्रम आहे, आपल्याकडे तो उमेदमार्फत चालतो. त्यात आपल्यातल्याच बायकांना शिकवून उद्योग सल्लागार करतात. ती घरी येते, धंद्याचा आराखडा मांडून देते, नफा-तोटा वहीत लिहायला लावते. आमच्याकडे ती येत होती तेव्हा एका ताईला कळलं, की तिच्या चकलीचा भाव तिला तेलालाही पुरत नाही. तिने भाव वाढवला, पाकीट छोटं केलं. आज तिचा धंदा चालू आहे. पण हा कार्यक्रम निवडक तालुक्यांत आणि ठरावीक वर्षांसाठीच असतो. मुदत संपली, मानधन थांबलं, सल्लागाराची फेरी थांबली. मसाल्याच्या ताईने धंदा सुरू केला तो त्यानंतर. दोघींत हुशारीचा फरक नव्हता. एकीच्या दारात सल्ला आला, दुसरीच्या आला नाही.

म्हणून आपली मागणी नुसत्या कर्जाची नाही. धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक प्रभागात उद्योग सल्लागार, नोंदणी आणि लेबलची मदत आणि थोडं बीज भांडवल, एवढं राज्याने स्वतःच्या अर्थसंकल्पात कायमचं धरावं. केंद्राची मुदत संपली की बंद, असं नको.

काही जणी म्हणतात, लाडकी बहीणचे दरमहा १५०० येतात, आता आणखी किती हात पसरायचे? बायांनो, ते पैसे तेल-मिठात, पोरांच्या वह्यांत जातात आणि जावेत. धंदा उभा करायचा खर्च वेगळा. आणि हे हात पसरणं नव्हे. पाकिटाच्या पिशवीवर आपण जीएसटी भरतो. आपला धंदा चालला तर गावातल्याच चार जणींना काम मिळतं. राज्याच्या तिजोरीत आपलीही भर आहे.

आता आमची फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्यांदा आम्ही तीसएक जणी आमदारांना भेटायला गेलो. घोषणा दिल्या, फुलांचा गुच्छ दिला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. किती जणींचा प्रश्न आहे? वर्षाला किती पैसे लागतील? कोणत्या खात्याकडे मागता? आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. चहा पिऊन परत आलो.

मग घरोघर वही फिरवली. कोणाचा कोणता धंदा, कधी सुरू झाला, कर्ज किती, अडलं कुठे. बंद पडलेले धंदेही लिहिले. ते लिहायला बायका लाजत होत्या, पण तीच पानं सगळ्यात बोलकी ठरली. दुसऱ्या वेळी पाचच जणी गेलो, हातात एक पानी निवेदन आणि मागे वहीच्या नकला. या वेळी त्यांनी बसवून घेतलं, पान वाचलं, ग्रामविकास खात्याला पत्र दिलं. पैसे अजून आलेले नाहीत, खोटं कशाला सांगू? पण आमच्या निवेदनावर पोच आहे, आवक क्रमांक आहे. आता विचारायला धागा आहे.

हेच तुम्ही करायचं आहे. एकट्या आमच्या प्रभागाच्या पत्राने अर्थसंकल्प हलत नाही. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडतात, पण खात्यांच्या मागण्या त्याआधीच काही महिने तयार होतात. मार्चमध्ये जाग आली तर उशीर झाला. म्हणून पावसाळ्यातच वही पूर्ण करा. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला सभा होते, ती घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे ठराव घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून त्याची नक्कल मागून घ्या. ठराव ग्रामसंघाकडून प्रभागसंघाकडे द्या. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनाआधी आमदारांना भेटा, पक्ष कुठलाही असो. सोबत एक धंदा चाललेली आणि एक धंदा बुडालेली, अशा दोघी न्या. दोघींनी आपापलं दोन-दोन मिनिटांत सांगावं. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

गावातही बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे महिला सभेत शांतपणे विचारा.

मसाल्याच्या ताईची गिरणी पुन्हा सुरू झाली आहे. पाकिटावर आता नोंदणीचा नंबर आहे. पण तिचे ते दोन हप्ते आणि एक हंगाम कोणी भरून देणार नाही. पुढच्या बाईचा हंगाम तरी वाचावा, म्हणून येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की लगेच उठू नका. नवी वही काढा आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहा, त्यापुढे आपल्या धंद्याचं.