जॅक जॉन्सन आणि कोठीची किल्ली

जॅक जॉन्सन हा हेवीवेट गटातला पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता मुष्टियोद्धा. जन्म १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनचा. आईवडील दोघेही पूर्वी गुलामीत राहिलेले. त्याचे ठोसे, त्याच्या मोटारी, सोन्याचे दात यांच्या गोष्टी पुष्कळांना पाठ असतात. निसटते ती गोष्ट वेगळीच. काळ्या माणसाला या किताबापासून दूर ठेवायला लेखी नियमाची गरजच पडत नसे. किताब ज्याच्याकडे, लढत कुणाशी घ्यायची हेही त्याच्याच मर्जीवर.

जुन्या घरात कोठीची किल्ली सासूच्या कमरेला असे. सून कितीही सुगरण असो, कोठी उघडायची की नाही हे सासू ठरवी. मुष्टियुद्धातही तसेच: जगज्जेत्या जॉन सलिव्हनने काळ्या पीटर जॅक्सनशी लढायचे नाकारले. पुढचा एक जगज्जेता जेम्स जेफ्रीज यानेही जॉन्सनला नाकारले आणि १९०५ मध्ये अजिंक्य म्हणवून घेत निवृत्ती घेतली. कमी वजनाच्या गटांत जॉर्ज डिक्सन आणि जो गॅन्स हे काळे योद्धे जगज्जेते होऊन गेले होते. हेवीवेटची कोठी मात्र बंद. १९०३ पासून जॉन्सनकडे 'कृष्णवर्णीयांचे जगज्जेतेपद' होते, म्हणजे सुनेला परसात वेगळी चूल मांडून दिलेली.

किल्ली सुटली ती पैशाने. तेव्हाचा जगज्जेता, कॅनडाचा टॉमी बर्न्स, तीस हजार डॉलरवर लढायला तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला पाच हजार. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत, चौदाव्या फेरीत पोलिसांना लढत थांबवावी लागली आणि किताब जॉन्सनकडे आला. मग गोऱ्यांची लाज राखायला जेफ्रीजला निवृत्तीतून उठवून आणले गेले. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे पंधराव्या फेरीत तोही हरला. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या. मेलेले बहुतेक काळेच. १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावर कायद्याने बंदी आली. जॉन्सनवरचा १९१३ चा मान कायद्याखालचा (स्त्रियांना 'अनैतिक हेतूने' राज्याबाहेर नेण्याविरुद्धचा कायदा) खटला, सगळे गोरे असलेले ज्युरी, देशाबाहेर पलायन, २०१८ मधली मरणोत्तर माफी, या प्रत्येकाला वेगळे भाषण लागेल.

मुद्दा किल्लीचा आहे, तो पुन्हा सांगणे भाग आहे, कारण इथे सुनेची सासू होते. सॅम लँगफर्ड आणि जो जिनेट हे तगडे काळे आव्हानवीर दारात उभे होते. जगज्जेत्या जॉन्सनने त्यांना किताबाची लढत दिली नाही; गोऱ्यांशी लढण्यात पैसा जास्त होता. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सन या काळ्या योद्ध्याशी एक बरोबरीची लढत झाली, तेवढीच. जॉन्सनच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण ऐकावे.

५ एप्रिल १९१५ रोजी हवानात जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत त्याला हरवले. पुढची बावीस वर्षे हा किताब एकाही काळ्या योद्ध्याकडे आला नाही. १९३७ मध्ये जो लुई या काळ्या योद्ध्याला जगज्जेत्या जेम्स ब्रॅडॉकशी लढत मिळाली, तीही लुईच्या आयोजकाच्या पुढच्या दहा वर्षांच्या नफ्यात ब्रॅडॉकच्या बाजूला वाटा ठरल्यावर.