प्रवेशपरीक्षांचे गुण आणि आपली शाळा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठाव्या वर्षी आपण सारे या प्रांगणात एकत्र जमलो आहोत, याचा आनंद शब्दांत मांडणे कठीण आहे. आज आठवणी सांगाव्यात, असे अनेकांनी सुचविले होते. आठवणी सांगणारे माझ्याहून ज्येष्ठ आणि माझ्याहून रसाळ वक्ते येथे आहेत. म्हणून मी आज एक रुक्ष वाटणारा विषय निवडला आहे. तो आपल्या मुलांच्या भवितव्याशी आणि शाळेच्या प्रामाणिकपणाशी निगडित आहे, एवढी सबब पुरेशी ठरावी.

काही महिन्यांपूर्वी स्मरणिका समितीने मला विनंती केली : "बाई, आपल्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षांत मिळालेल्या गुणांच्या सरासरीचा एक आलेख द्या. रेषा चढती दिसली की पालकांचा विश्वास वाढेल." मी जुन्या नोंदवह्या काढल्या आणि आलेख तयार केला. रेषा चढती नव्हती. ती वरखाली होत राहिली होती आणि अलीकडच्या वर्षांत तिचा कल किंचित खाली होता. हा आलेख एकटा छापू नये, अशी विनंती मी समितीला केली. हे ऐकून, बाई उणे झाकू पाहत आहेत, असे कोणाला वाटले असेल. त्यांचे समाधान करणे माझे कर्तव्य आहे.

प्रथम एक साधे गणित पाहू. समजा, एका वर्षी आपली दहा मुले परीक्षेला बसली आणि त्यांच्या गुणांची सरासरी ६० आली. पुढच्या वर्षी तेवढ्याच तयारीची दहा मुले बसली आणि त्यांच्याबरोबर आजवर कधी धीर न झालेली आणखी दहा मुले बसली. या नव्या दहांची सरासरी ४० आली. सर्वांची मिळून सरासरी झाली ५०. आलेखात रेषा दहा गुणांनी कोसळली. परंतु पहिल्या दहांपैकी एकाचेही शिक्षण बिघडलेले नाही आणि दुसऱ्या दहांना जी संधी पूर्वी नव्हती, ती मिळाली आहे. शाळा खालावली की वाढली?

हा प्रश्न केवळ आपल्यापुढे उभा राहिलेला नाही. आपले अनेक माजी विद्यार्थी अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथे महाविद्यालयीन प्रवेशासाठी एस.ए.टी. ही परीक्षा प्रसिद्ध आहे आणि तिच्या सरासरीवरून शाळांची, शालेय जिल्ह्यांची तुलना करण्याची रीत जुनी आहे. १९६३ ते १९७७ या काळात या परीक्षेतील भाषाविभागाची सरासरी ४७८ वरून ४२९ पर्यंत आणि गणिताची ५०२ वरून ४७० पर्यंत घसरली. देशभर खळबळ उडाली. माजी मजूरमंत्री विलर्ड वर्ट्झ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९७७ मध्ये तिचा अहवाल आला. १९७० च्या सुमारापर्यंतच्या घसरणीचा निम्म्याहून बराच मोठा भाग परीक्षेला बसणाऱ्यांचे स्वरूप बदलल्यामुळे होता, असे समितीला आढळले. पूर्वी जी मुले महाविद्यालयाचा विचारही करीत नसत, ती आता परीक्षेला बसू लागली होती.

आजही तेथे हेच दिसते. नॉर्थ डकोटासारख्या राज्यात ही परीक्षा अगदी मोजकी, महत्त्वाकांक्षी मुले देतात आणि १६०० पैकी त्यांची सरासरी १२०० च्या पुढे जाते. इलिनॉय राज्याने काही वर्षे सरकारी शाळांतील अकरावीच्या सर्वच मुलांना ती परीक्षा दिली. तेथील सरासरी हजाराच्या आसपास राहिली. यावरून इलिनॉयचे शिक्षक वाईट ठरवणे अन्यायाचे होईल.

तरीही वर्ट्झ समितीच्या निष्कर्षाचा दुसरा भाग मी लपविणार नाही. १९७० नंतरच्या घसरणीचे खापर तिने नवागत मुलांवर फोडले नाही. त्या काळात इतर कारणे प्रबळ झाली होती, असे तिने नोंदविले. म्हणजे "आमच्याकडे सर्व प्रकारची मुले बसतात" ही सबब कायमची पुरत नाही. आपल्याही शाळेत प्रयोगशाळेचे तास परीक्षेच्या धांदलीत कापले गेले आहेत आणि मुलांचे अवांतर वाचन घटले आहे. याची जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे आणि ती मी स्वीकारते.

आता आपल्या देशातील परीक्षांकडे वळू. वैद्यकीय प्रवेशाची नीट ही परीक्षा ७२० गुणांची असते. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा पन्नासाव्या पर्सेंटाइलवर आखलेली असते, म्हणजे बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे त्या रेषेखाली राहतात. ही रेषा २०२३ मध्ये १३७ गुणांवर होती, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ वर गेली आणि २०२५ मध्ये १४४ वर आली. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात प्रथम आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ मिळाले. एका वर्षात देशातील मुलांची बुद्धी वाढली आणि पुढच्या वर्षी घटली, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्नपत्रिका बदलली, तिची काठिण्यपातळी बदलली. म्हणून "माझ्या मोठ्याला सहाशे होते, धाकटीला साडेपाचशेच" अशी तुलना घरात कृपा करून करू नका. दोन भिन्न वर्षांचे गुण एका तराजूत घालता येत नाहीत.

दुसरी गफलत पर्सेंटाइलची. जेईई मेनच्या निकालात ९० पर्सेंटाइल दिसले की कित्येक पालक पेढे वाटतात आणि पुढे प्रवेशाच्या वेळी निराश होतात. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकी नव्वद जण त्याच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ज्या परीक्षेला लाखो मुले बसतात, तेथे उरलेल्या दहा टक्क्यांतही लाखभर मुले पुढे असू शकतात. हे निकालाआधी समजून घेतले, तर मुलांवरचा नंतरचा रोष टळेल.

आता मी ज्या मुद्द्यासाठी उभी आहे, त्याकडे येते. आपली शाळा मराठी माध्यमाची आहे आणि ती महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात आहे. नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात, हे वृत्तपत्रांतून आपण वाचतो. परंतु प्रादेशिक भाषांतील प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवरच उपलब्ध असते, असा नियम आहे. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रात. आपल्या गुजरातमधील केंद्रांवर इंग्रजी, हिंदी किंवा गुजराती. आपली मुले दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकतात. अकरावीला पुस्तकाची भाषा बदलते आणि दोनच वर्षांनी त्या नव्या भाषेत सेकंदांचा हिशेब ठेवून उत्तरे द्यावी लागतात.

हे ओझे किती बारीकसारीक असते, पाहा. मराठीत आपण ज्याला 'त्वरण' म्हणतो, त्याला गुजरातीत 'प्रवेग' म्हणतात. आपला 'संवेग' तेथे 'वेगमान' होतो. विजेच्या पाठातला आपला 'रोध' गुजरातीत 'अवरोध' आणि हिंदीत 'प्रतिरोध' होतो. मुलाला संकल्पना पक्की ठाऊक असते. परंतु शब्दापाशी तो क्षणभर थबकतो. असे थबकणे एका प्रश्नपत्रिकेत वीस वेळा घडले, तर गुण कोठे गेले हे वेगळे सांगायला नको. सरासरीच्या रेषेत हे थबकणे दिसत नाही. तेथे फक्त "मराठी माध्यमाची मुले कमी पडतात" एवढेच दिसते आणि मग पालक पहिलीलाच मराठी शाळेकडे पाठ फिरवितात. मातृभाषेत पाया पक्का झालेल्या मुलाला पुढील भाषेपर्यंत नेणारा पूल हवा असतो. तो बांधण्यात आपण उशीर केला, हे मान्य करायला हवे.

पालकहो, आता एक कबुली. ती मी या व्यासपीठावरून प्रथमच देत आहे. गुजकेट ही राज्याची प्रवेशपरीक्षा सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. मी उच्च माध्यमिक विभागात वर्गशिक्षिका होते. वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुरेख, स्वभाव अबोल, गुण बेताचे. तिचे वडील कारखान्यात पाळीने काम करीत. फॉर्म भरण्याची वेळ आली तेव्हा मी त्यांना बोलावून सांगितले, "उगाच फॉर्म भरून मुलीला निराश कशाला करता?" मी ते कळवळ्याने बोलले, अशी तेव्हा माझी समजूत होती. खरे सांगायचे, तर वर्गाच्या सरासरीचा विचारही माझ्या मनात होता. वडिलांनी बाईंचा शब्द प्रमाण मानला. त्या वर्षी आमची सरासरी उत्तम आली. ती फलकावर लागली आणि संस्थेने माझे अभिनंदन केले.

पुढे ती मुलगी बी.कॉम. झाली, संसाराला लागली. काही वर्षांनी ती आपल्या लेकीला घेऊन शाळेत प्रवेशासाठी आली. कागदपत्रे देऊन झाल्यावर ती हसत म्हणाली, "बाई, हिला तरी परीक्षेला बसू द्याल ना?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ती परीक्षेला बसली असती तर तिला प्रवेश मिळालाच असता, असे मी म्हणत नाही. कदाचित मिळालाही नसता. परंतु तो प्रश्न तिला विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर मी परस्पर देऊन टाकले होते. माझ्या अभिनंदनात तिच्या न भरलेल्या फॉर्मचा वाटा होता.

मुख्याध्यापिका झाल्यावर मी एक दंडक घातला. गुण कमी आहेत या कारणावरून कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही मुलाला प्रवेशपरीक्षेपासून परावृत्त करायचे नाही. माहिती द्यायची, तयारीची खरी स्थिती सांगायची, निर्णय मुलाने आणि घरच्यांनी घ्यायचा. त्यानंतर आमच्याकडून परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि सरासरीची रेषा थोडी खाली आली. समितीला दिलेल्या आलेखातील उताराचे एक मोठे कारण हे आहे. त्या उताराची मला लाज वाटत नाही.

तेव्हा आलेख छापायचा असेल तर पूर्ण छापावा, असे मी समितीला सुचविले आहे. त्या वर्षी विज्ञान शाखेत किती मुले होती, त्यांपैकी किती परीक्षेला बसली, कोणत्या भाषेतून बसली आणि पहिल्या सराव परीक्षेपासून अंतिम परीक्षेपर्यंत प्रत्येकाने किती मजल मारली, ही माहिती सरासरीच्या शेजारी असावी. मुलांची नावे अर्थातच नकोत. असा तक्ता वाचायला वेळ लागेल. पण वाचणाऱ्याची दिशाभूल होणार नाही.

या निमित्ताने दोन विनंत्या करते. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती पैशाची नाही. आपल्यातले जे डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक बडोद्यात आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार शाळेला द्यावा. नववीपासून मुलांनी मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशी तीन रकान्यांची परिभाषावही स्वतः लिहावी, हा उपक्रम आम्ही सुरू केला आहे. या वाटेने तुम्ही स्वतः गेलेले आहात. कोणता शब्द कोठे अडतो, हे तुमच्याइतके कोणाला कळणार? दूर असलेल्यांनी दूरध्वनीवरून का होईना, एकेका मुलाची विचारपूस करावी.

पालकांना विनंती अशी की, शाळा निवडताना किंवा शाळेला जाब विचारताना "सरासरी किती?" याच्याबरोबर "बसली किती?" हेही विचारा. ज्या शाळेची सरासरी डोळे दिपविते, तेथेही हा प्रश्न विचारा. आणि सर्वच मुलांनी डॉक्टर वा अभियंता व्हावे असा हट्ट धरू नका. परीक्षेला बसू देणे आणि बसायला लावणे यांत फार अंतर आहे.

महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानात लागू केला. वर्गात कोण शोभून दिसेल, असे त्यांनी विचारले नव्हते. गावातले प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे, एवढेच त्यांनी पाहिले. त्यांच्या नगरीतल्या शाळेने मुले गाळून आपली रेषा उंचावणे बरे दिसणार नाही.

त्या मुलीची लेक आता आपल्याच शाळेत, माध्यमिक विभागात शिकते आहे. तिची परिभाषावही मी परवाच पाहिली. आईसारखेच सुरेख अक्षर. दोन-तीन वर्षांनी ती फॉर्म भरायचा की नाही, हे ठरवील. तेव्हा मी बहुधा निवृत्त झालेली असेन. पण तिला तो प्रश्न विचारला जाईल, एवढे आश्वासन मी आज संस्थेच्या वतीने आपणा सर्वांसमक्ष देते.